समाचाराला येणाऱ्यांची शुश्रूषा : नवशिक्या रुग्णांसाठी

ज्यांना नुकताच कॅन्सर झाला आहे आणि ज्यांच्या घराला दार आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. किमोचं वेळापत्रक, गाठीचा आकार, कोणत्या गोळीनंतर कोणती गोळी, हे सगळं डॉक्टर सांगतात. ते त्या मानानं सोपं असतं. अवघड भाग फाइलीत नसतो. रिपोर्ट आल्यापासून आठवडाभरात घरी माणसं येऊ लागतात, त्यांना धीर कसा द्यायचा हे कोणी शिकवत नाही. नवख्या रुग्णाला वाटतं की ती आपल्यालाच धीर द्यायला येताहेत. हा गैरसमज पहिल्याच रविवारी दूर होतो.

माझी पात्रता सांगते. तंजावूरला राजवाड्याजवळ, कीळ राजवीथीतून निघणाऱ्या एका गल्लीत आमचं घर आहे. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबं इथे आली, त्यांतली बरीच पुढे चेन्नईला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. जी उरली ती एकमेकांची नातेवाईक आहेत, आणि जी नाहीत त्यांना आम्ही नातेवाईक धरतो. त्यात तमिळ शेजार मिळवा. अशा वस्तीत छातीतली गाठ तीन दिवस लपून राहत नाही. सहा महिने उपचार घेता घेता मी या विषयातलं जे शिक्षण घेतलं, ते नव्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सुरुवात बैठकव्यवस्थेपासून. पाहुणा आला की रुग्णानं उठून बसावं. पडून राहिलात तर पाहुणा घाबरतो, आणि घाबरलेल्या पाहुण्याला सांभाळणं तुम्हाला त्या दिवशी झेपणारं नसतं. चेहऱ्यावर किंचित हसू असावं. फार हसू नये, नाहीतर "हिला अजून कळलेलं दिसत नाही" असं बाहेर जाऊन बोलतात. डोक्याला रुमाल नीट बांधावा. कॉफीचं तुम्ही विचारायचं आणि त्यांनी "तू कशाला उठतेस?" म्हणायचं. इतकं म्हणून झालं की ते डबरा-टंबलरची वाट बघत बसतात.

हातात काय येतं यावरून पाहुणा ओळखता येतो. आमच्याकडे मोसंबी, सफरचंदं आणि हॉर्लिक्स येतं. हॉर्लिक्सच्या बाटल्या इतक्या जमतात की पुढच्या आजाऱ्याकडे जाताना विकत घ्याव्या लागत नाहीत. मला तर दाट संशय आहे, गावात एकूण चाळीसेक बाटल्याच असाव्यात आणि त्या न उघडता फिरत असाव्यात. फुलांचा हार घेऊन कोणी आलंच, तर तो देवाजवळ ठेवायला सांगावा. किमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात सर्दी झालेली माणसं आणि कापून आणलेली फळं लांब बरी. शंभर अंशांच्या वर, नेमकं सांगायचं तर १००.४ फॅरनहाइट, ताप दिसला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं असतं. शिंकत आलेल्या आत्याबाईंना हे कसं सांगायचं? सांगू नका. नवऱ्याला सांगायला लावा. नवरे या कामासाठी असतात.

यानंतर एक अनुभवी माणूस येतो. त्याच्या साडूच्या बहिणीला अगदी हेच झालं होतं. तो गोष्ट सुरू करतो आणि मध्येच त्याला आठवतं की या गोष्टीचा शेवट या खोलीत सांगण्याजोगा नाही. मग तो अडखळतो, छताकडे बघतो, "पण आता औषधं फार सुधारलीत" म्हणतो. इथे रुग्णानं "हो ना, फारच" असं म्हणून त्याला त्या साडूच्या बहिणीतून बाहेर काढावं. नवशिके "मग त्या आता कशा आहेत?" असं विचारतात. तो प्रश्न विचारू नये. पाहुण्याला त्रास होतो.

रडणाऱ्यांसाठी जवळ पाण्याचा तांब्या ठेवावा. माझ्या एक दूरच्या मावशी दारातच हुंदका देऊन कोसळल्या. त्यांना पाटावर बसवून, पाठीवरून हात फिरवून, "मला काही होत नाही हो" असं मी सांगितल्यावर त्या शांत झाल्या, आणि संध्याकाळी सगळीकडे सांगत सुटल्या की मी किती खंबीर आहे. या विद्येत एकदा नाव झालं की रांग वाढते, हे लक्षात असू द्या.

उपाय सांगणाऱ्यांचं दालन मोठं आहे. पपईचा पाला, गव्हांकुर, मुळ्ळु सीताफळाची पानं, गोमूत्र. सगळ्यांना "बघते" म्हणावं आणि काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, कारण काही काढे किमोच्या औषधांशी यकृतात भांडतात. मायिलाडुतुरैच्या पुढे वैदीश्वरन कोयिल आहे. तिथला महादेव स्वतःच वैद्य, आणि देवळाच्या आसपास ताडपत्रांवरून भविष्य वाचणारे नाडीवाले. दर तिसरा पाहुणा तिथलं नाव घेतो. पण देवाधर्मावर सरसकट हसायचं मला पटत नाही. आमच्या शेजारच्या मामी पुन्नैनल्लूरच्या मारियम्माच्या देवळात स्वतःच जाऊन आल्या, तिथलं कुंकू माझ्या उशाशी ठेवलं आणि एकही सल्ला न देता निघून गेल्या. ते देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं असं मानतात. मामींचा आणि मराठ्यांचा काही संबंध नाही, पण त्या महिन्यातला तो सगळ्यात चांगला समाचार होता.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांची. तमिळमध्ये "ओण्णुम आगादु", मराठीत "काही होत नाही बघ", आणि नातवंडांच्या पिढीकडून नुसतं "यू आर अ फायटर". हे लोक प्रेमानंच बोलतात. पण त्यातला हिशेब बघा. मन खंबीर असेल तर गाठ विरघळते, असं मानलं की गाठ नाही विरघळली तर दोष मनाचा. म्हणजे आजार झाला तुम्हाला, आणि वाढला तर तुमच्याच रडण्यानं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ साली कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाकडे बघणारा विभाग उभा करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड या प्रकाराला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणत. पुढे २००७ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मन प्रसन्न असण्याचा आणि किती जगलं याचा काही संबंध सापडला नाही. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायका एकत्र बसून बोलल्या तर जास्त जगतात, असं १९८९ साली एका अभ्यासात दिसलं होतं. २००१ साली मोठ्या प्रमाणावर पुन्हा पाहिलं तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्रासात असलेल्या बायकांचं मन मात्र हलकं झालं आणि दुखणंही कमी वाटलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. रडलं तर गाठ वाढत नाही, हे शास्त्रानं सांगितलंय म्हटल्यावर मी दुपारी दार लावून निवांत रडायला लागले.

पाहुण्यांसमोर मात्र रडू नये. का ते पुढे आहे.

समाचार कसा असावा याचा नमुना बघायचा असेल, तर शिवगंगा बागेतल्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये जा. मोठ्या देवळाला लागून आहे. पर्यटक देऊळ बघून घाईनं निघतात, तिथे फारसं कोणी येत नाही. फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री दुसऱ्या सरफोजींचा पालक होता. राज्याच्या वारसाहक्कात सरफोजींच्या बाजूनं उभा राहणारा माणूस. १७९८ च्या फेब्रुवारीत तो गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात म्हातारा बिछान्यावर पडलेला आहे आणि बाजूला उभा असलेला तरुण राजपुत्र त्याचा हात हातात धरून आहे. राजपुत्रानं काही आणलेलं नाही. तो काही सांगतही नाही. म्हातारा उठून बसलेला नाही, हेही नवशिक्यांनी नीट बघून घ्यावं.

आता तक्रारीचा नियम. २०१३ साली लॉस अँजेलिसच्या एका वर्तमानपत्रात सुझन सिल्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि बॅरी गोल्डमन यांनी एक साधी आकृती छापली. मध्ये आजारी माणूस, भोवती वर्तुळं, जवळच्यांचं आतलं, लांबच्यांचं बाहेरचं. आधार आतल्या बाजूला द्यायचा, रडगाणं बाहेरच्या बाजूला गायचं. तंजावूरकरांना हे समजायला आकृती लागत नाही, कारण आमचं गावच तसं आखलेलं आहे. मध्ये राजवाडा, भोवती चार राजवीथी, त्यांच्या बाहेर अलंगम म्हणजे तटाच्या कडेचे रस्ते, आणि त्यापलीकडे खंदक. तुम्ही राजवाड्यात आहात. तुमचा नवरा राजवीथीत. बहिणी, जावा, शेजारी अलंगमवर. आणि ज्यांच्या साडूच्या बहिणीला हेच झालं होतं ते खंदकाच्या पलीकडे. खंदकाकडून राजवाड्याकडे "मला तर झोपच लागत नाही तुझ्या काळजीनं" असं वाक्य येऊ द्यायचं नाही. तटावर एक माणूस उभा करावा. माझ्याकडे धाकटी जाऊ होती. ती फोन घेई, "झोपलीय" म्हणे, आणि मी शेजारी बसून मासिक वाचत असे.

राजवीथीतल्या माणसाकडे कोणाचं लक्ष नसतं. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकानं "हिला जप हं" असं यांना सांगितलं. "तुम्ही कसे आहात?" हे एकानंही विचारलं नाही. ते पैशांचं बघत होते, विमा कार्डाच्या रांगेत उभे राहत होते, आणि रात्री माझ्या श्वासावर कान ठेवून जागे राहत होते. शेवटी त्यांच्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ आले आणि मला नुसता नमस्कार करून यांनाच फिरायला घेऊन गेले. दोघं काय बोलले मी विचारलं नाही. परत आल्यावर हे नीट जेवले.

मग आधार म्हणजे नेमकं काय? याचं उत्तर राजवाड्याच्या कागदपत्रांत आहे. १७९९ च्या तहानं इंग्रजांनी राज्य घेतलं. सरफोजींकडे किल्ला आणि नाव उरलं. त्यानंतर १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून विनवलं की रामेश्वरच्या वाटेवरची आमची छत्रं, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, तेवढी काढून घेऊ नका. त्यात छत्रात काय चालतं याचं वर्णन आहे. आल्यागेल्याला जेवण. वाटेत आजारी पडलेल्याला वैद्य, औषध, त्या दुखण्याला योग्य ते पथ्य, आणि बरा होईपर्यंत आदरानं देखभाल. बाळंतिणींची सोय, तान्ह्यांना दूध. कोणी दगावलाच तर त्याच्या रीतीनं अंत्यविधी. यात्रेकरूला सकारात्मक राहायचा उपदेश केल्याचा उल्लेख त्यात नाही. राजे स्वतः धन्वंतरी महाल ही वैद्यशाळा चालवत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट लिहून ठेवायची त्यांना हौस होती. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. वैद्यकाची एवढी जाण असलेल्या माणसानं छत्राचं महत्त्व सांगताना पथ्याचं जेवण सांगितलं, हे मला मोठं वाटतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवीन नाही. परळच्या टाटा रुग्णालयात गावाकडून आलेली माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे खोली, जेवण, आणि शेजारच्या खाटेवर तेच दुखणं असलेला माणूस मिळतो. आमच्याकडचे काही जण तंजावूरच्याच मेडिकल कॉलेजात उपचार घेतात, काही त्रिचीला जातात, आणि काही रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसनं चेन्नईला, अड्यारला. अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डींनी १९५४ साली १२ खाटांवर सुरू केली. त्या आमच्या शेजारच्या पुदुक्कोट्टैच्या. धाकटी बहीण कॅन्सरनं गेलेली बघितल्यावर हे मनात धरलेलं, आणि पुरं करायला तीसेक वर्षं लागली.

तेव्हा "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या पाहुण्याला धरून ठेवा. या वाक्याला उत्तर नसतं अशी त्याची खात्री असते. उशाखाली यादी तयार ठेवा आणि तिथल्या तिथे हातात द्या. रेडिएशनला इथे "करंट" म्हणतात. ते आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतं, म्हणजे रोज कोणीतरी ऑटोतून सोबत हवं. उळवनचं खालच्या बर्थचं तिकीट. गॅसचा सिलिंडर. तोंड आलेलं असताना चालेल असा मऊ, बिनतिखट दहीभात. इथे एक पथ्य पाहुण्यांनाही सांगा: हिंगाची फोडणी शेजारच्या घरी दिली तरी मला उलटी होत असे, आणि ज्या घरात रसवांगी आणि पिटलं करत आयुष्य गेलं तिथे हे कबूल करायला लाज वाटे. यादी दिल्यावर पाहुण्यांचे दोन गट पडतात. एक पुन्हा येत नाही. दुसरा सिलिंडर घेऊन येतो. दोन्हींमुळे विश्रांती मिळते.

आणि काही न करता नुसतं बसणारा एक जण शोधून ठेवा. माझ्याकडे राजवाड्याच्या संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यावर तासभर बोलणारा एक भाचा होता. मला माशांत रस नाही. पण त्या तासात माझ्या रिपोर्टचा विषय निघत नसे.

आता थट्टा बाजूला ठेवून एक धडा. वर सांगितलेलं सगळं जमलं, माणसंही चांगली मिळाली, तरी मन बसू शकतं. किमोच्या आधी दिलेल्या स्टेरॉइडनं दोन रात्री झोप उडते आणि नंतर उतरल्यावर रडू येतं, ते औषधाचं असतं, चार दिवसांत जातं. पण दोन आठवडे सलग काहीच नकोसं वाटणं, पहाटे तीनला जाग येऊन पुढे छत बघत राहणं, उपचार सोडून द्यावेत असं वाटणं, मेलेलं बरं असा विचार, हे वेगळं. कॅन्सरच्या रुग्णांमध्ये साधारण सहातल्या एकाला खरं नैराश्य असतं, असं बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज सांगते. पुष्कळ रुग्णालयांत एक साधी मोजपट्टी असते. शून्य ते दहामध्ये गेल्या आठवड्याचा मनाचा त्रास किती, ते दाखवायचं. चार किंवा वर आकडा असेल तर कोणीतरी बसून पुढचं विचारायचं. तुमच्या रुग्णालयात कोणी विचारलं नाही तर तुम्हीच आकडा सांगा. डॉक्टरांना आकडे आवडतात. स्कॉटलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या कॅन्सर रुग्णांना खास शिकवलेल्या नर्स, मानसोपचारतज्ज्ञ आणि नेहमीचे डॉक्टर यांनी मिळून सांभाळलं. त्यातल्या ६२ टक्के रुग्णांचं नैराश्य किमान निम्म्यानं उतरलं, नेहमीच्या पद्धतीत १७ टक्क्यांचं. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही आणि तमिळमध्येही. आमच्या वस्तीत मनाच्या डॉक्टरकडे जाणं हे अजूनही चोरून करायचं काम आहे. मी राजरोस गेले आणि येताना जिलेबी घेऊन आले, म्हणजे लोकांना बोलायला दोन गोष्टी मिळाल्या.

पाहुण्यांसमोर रडू नये असं वर म्हटलं, त्याचं कारण साधं आहे. तुम्ही रडलात की सांत्वनाचं काम त्यांच्यावर येतं. त्यांच्यापैकी बहुतेकांना ते येत नाही, मग तेही रडतात, आणि काम पुन्हा तुमच्यावरच. ज्याच्यासमोर रडल्यावर तो नुसता बसून राहतो, असा एखादा सापडला तर नियम मोडा.

उपचार संपले की गर्दी एकदम ओसरते. सगळ्यांना तुम्ही बऱ्या झाल्या असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच पुष्कळांचं मन खचतं. रोज कोणीतरी तपासत होतं, ते बंद झालेलं असतं, आणि पुढच्या स्कॅनची तारीख भिंतीवर लटकत असते. याची आधी कल्पना असली तर निदान आपण वेडे झालो असं वाटत नाही.

याच सुमारास तुम्हाला बोलावणं येतं. नर्स म्हणते, अम्मा, एक नवीन पेशंट आली आहे, जरा बोलाल का? मुंबईत व्ही केअर ही संस्था १९९४ पासून या कामात आहे, त्यात स्वतः या आजारातून गेलेली माणसंही आहेत. आमच्याकडे हे नर्सच्या तोंडी निरोपावर चालतं. जा. आधी फोन करा, तब्येत बघून वेळ विचारा, वीस मिनिटांत उठा. ती पडलेली असेल तर पडून राहा म्हणा. सल्ला देऊ नका. ती आधी केसांचं विचारील, बाकीचं नंतर. खरं ते सांगा: शेवटच्या किमोनंतर काही आठवड्यांत मऊ लव दिसायला लागते, दोन-तीन महिन्यांत डोकं झाकेल इतके येतात, आणि सरळ केसांच्या बाईला कधी कधी कुरळे येतात. मग ती तुमच्या औषधाचं नाव विचारील आणि स्वतःचं ताडून बघायला लागेल. तिची गाठ वेगळी, तिचं औषध वेगळं. तिथे विषय बदलून सुनांवर आणा. दोघींपैकी एकीला तरी सून असतेच.